गावपळणीची ट्रंक

दुसऱ्याची वस्तू घरात राहिली की माझं डोकं उठतं. हा माझा जुना रोग आहे आणि आमचे हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला हौसेने सांगतात. कुणाची छत्री, कुणाचा डबा, कुणाच्या पूजेला नेलेली समई आणि बदल्यात आलेली भलतीच समई, असलं काही दिसलं की मला चैन पडत नसे. माझा नियम ठरलेला होता. दोन वेळा निरोप द्यायचा. तरी कोणी हललं नाही, तर वस्तू उचलायची आणि मालकाच्या दारात नेऊन ठेवायची. मी पिशवी घेऊन निघाले की हे आरामखुर्चीतून विचारायचे, "आज खंयची डिलिव्हरी?" मला त्याचा राग यायचा, पण आतून थोडा अभिमानही वाटायचा. लोकांची वस्तू लोकांना परत करणारी बाई म्हणून माझं पंचक्रोशीत नाव होतं.

त्यात आमचं घर नको तिथे आहे. अंगणाच्या टोकाला व्हाळ, आणि त्या ओढ्यापलीकडे शेजारचं गाव सुरू होतं. त्या गावाला गावपळण आहे. दर तीन वर्षांनी देवाचा कौल झाला, देवळातली नौबत वाजली, की अख्खं गाव तीन दिवस आणि तीन रात्री वेशीबाहेर जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. घरांना कुलपं लावून गाव देवाच्या हवाली करतात, बाहेर माडाच्या झापांच्या खोपी बांधून राहतात, भजनं-फुगड्या होतात, आणि चौथ्या दिवशी पुन्हा कौल घेऊन घरी परततात. आम्ही वेशीबाहेरचे पहिले. आमच्या काजूच्या बागेत दहा-बारा खोपी तर सहज पडत. खोपीत ठेवता येत नाही ते सामान आमच्या मागच्या खोलीत येई. मिक्सर, टीव्ही, शिलाई मशीन. एकाने तर फ्रीज आणला होता, आतल्या सुरमईसकट. परत जाताना लोक असे आनंदात असत की निम्मं सामान विसरत. पुढचे दोन महिने माझ्या डिलिव्हऱ्या.

त्या गावात माझी एक मैत्रीण दिलेली. आम्ही दोघी खारेपाटणकडच्या, शाळेत एका बाकावरच्या. लग्नं होऊन ती व्हाळाच्या पलीकडे पडली, मी अलीकडे. हाक मारली तर ऐकू जाईल एवढंच अंतर, पण संसारात पडलेल्या बाईला व्हाळ ओलांडायलाही कारण लागतं. म्हणून गावपळणीचे तीन दिवस आमचे. तिची चूल माझ्या पडवीत पेटायची. तिचा नवरा देवळाचा मानकरी, तो देवळाच्या माणसांतच असायचा. मोठा अदबीचा माणूस. मला कधी 'अगो' म्हणाला नाही, नेहमी 'बाई'.

तिचा डावा हात खांद्याच्या वर जात नसे. "विहिरीर पाय घसारलो," असं तिने मला एकदा सांगितलं होतं. एका गावपळणीला तिच्या कानामागे काळंनिळं होतं, तेव्हाही बहुधा विहीरच. मला खरं माहीत होतं का? होतं. माहीत असून मी तिच्याशी लोणच्याच्या मिठाबद्दल बोलत बसे. तिला त्यावर बोलायचं नसेल, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली होती, आणि ती मला सोयीची होती.

त्या वर्षी ती आली ती डोक्यावर हिरवी पत्र्याची ट्रंक घेऊन, उजव्या हाताने धरून. गर्दीतून सरळ माझ्या मागच्या दारी.

"ही तुझ्या खोलयेत ऱ्हवांदे," ती म्हणाली. "कोणाक दिसाची नाय अशी ठेव."

मी ती तांदळाच्या पिंपामागे सरकवली. आत काय आहे ते विचारलं नाही. गावपळणीत कोण कुणाला ट्रंकेत काय आहे विचारतं?

तीन दिवस ती काहीशी गप्पच होती. मी मात्र बडबडत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही चहा घेत बसलो होतो. तिने एकदम विचारलं, "गो, तुझी मागची खोली एरवी रिकामीच आसता मां?"

"रिकामी खंय?" मी उसळलेच. "लोकांच्या सामानान भरलेली आसा. ह्या खेपेक सांगान ठेवतंय, आता मी कोणाचाच काय ठेवन घेवचंय नाय. माझा घर म्हणजे काय धर्मशाळा?"

ती हसली. कप विसळून तिने पालथा घातला आणि खोप आवरायला उठली.

चौथ्या दिवशी कौल झाला, लोक निघाले. ती रिकाम्या हाताने निघालेली पाहून मी मागून ओरडले, "अगो, ट्रंक?"

"ऱ्हवांदे गो. मागसून बघतंय," ती वळून म्हणाली. तिच्या पुढे तिचा नवरा होता. त्याला ते ऐकू गेलं नसावं.

महिना गेला. मी पलीकडे जाणाऱ्या मासळीवालीकडे निरोप धाडला. उत्तर नाही. मग फोन केला. त्यांच्या घरात फोन एकच, तो नवऱ्याच्या खिशात.

"तुमची ट्रंक आमच्याकडे ऱ्हवली हा, गावपळणीची," मी म्हटलं.

"खंयची ट्रंक?" तो म्हणाला.

"हिरवी. तिनाच हाडलेली मां."

"असा काय," तो म्हणाला. आवाज नेहमीसारखा गोड. "बरा केल्यात हां बाई, सांगल्यात ता."

दोन निरोप झाले होते. दुसऱ्या दिवशी मी रिक्षा बोलावली; ट्रंक घेऊन व्हाळ कोण उतरणार, आणि रस्ता पुलावरून वळसा घालून जातो. आमच्या ह्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला आणि मी नेहमीसारखं नाक मुरडून निघाले. त्या दिवसाचं मला सगळं आठवतं. ट्रंक जड नव्हती, याचंसुद्धा मला तेव्हा नवल वाटलं होतं.

तिचा नवरा अंगणातल्या खळ्यात उभाच होता. त्याने स्वतः रिक्षातून ट्रंक उतरवली, ओटीवर नेली, मला खुर्ची दिली. आत हाक मारली, "गो, च्या टाक. तुझी ट्रंक इली." ती हात पुसत दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली. मला वाटलं, खूश होईल. मी तर हसतच होते.

त्याने कडी काढली. घाई केली नाही. एकेक वस्तू उचलायची, बघायची, बाकावर नीट मांडायची. दोन साड्या. बीपीच्या गोळ्यांची पाकिटं. चष्मा. प्लॅस्टिकच्या पिशवीत आधार कार्ड. त्याच पिशवीत पिवळा पडलेला शाळा सोडल्याचा दाखला. आणि तळाशी पंच्यात गुंडाळलेलं एक ताट, एक वाटी, एक पेला.

"एकच ताट?" तो म्हणाला.

मी तिथे काय बोलले ते लिहिताना आजही हात थांबतो. मला थट्टा सुचली. मी तिला म्हटलं, "अगो, तीन दिस घोवाक उपाशी ठेवतलं होतंस की काय?"

तो हसला. चांगला मोकळा, मोठ्याने हसला. मीही हसले. ती आत गेली आणि चहा घेऊन आली. मी तो प्यायले. छान झालाय असं म्हटलं.

निघताना ती फाटकापर्यंत आली. नवरा ओटीवरून बघत होता. ती अगदी हळू म्हणाली, "तुका कोणी सांगल्यान गो हाडूक?"

आणायला कोणी सांगितलं, एवढंच तिने विचारलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते, भांडणात मी हार जात नाही. रिक्षा वळली. व्हाळावरच्या छोट्या पुलापर्यंत आलो आणि तिथे मला सगळं कळलं.

आमच्याकडे बाईने ट्रंक घेऊन घराबाहेर पाऊल टाकलं की पहिल्या वळणावर कोणीतरी विचारतंच, खंय चललंस? दुसऱ्या वळणावर नवऱ्याला बातमी पोचते. भर दिवसा, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, डोक्यावर ट्रंक घेऊन बाई घर सोडू शकते असे दिवस तीन वर्षांतून एकदाच येतात. तेव्हा सगळं गावच ट्रंका घेऊन चाललेलं असतं. तिने त्या दिवसांची वाट पाहिली होती. ट्रंक आधी, माणूस मागसून. माहेर तिला उरलं नव्हतं, भावाने घर बंद करून केव्हाच मुंबई गाठलेली. उरले होते मी. आणि माझ्या भांड्यांवर भार नको म्हणून तिने स्वतःचं ताटसुद्धा आणलं होतं. त्यावर मी तिला धर्मशाळा ऐकवली होती.

"थांब रे," मी रिक्षावाल्याला म्हटलं. त्याने थांबवली. मी बसून राहिले. परत जाऊन काय सांगणार होते? ट्रंक चुकून आणली म्हणून? शेवटी त्याला म्हटलं, चल.

त्यानंतर मी दोनदा तिच्या घरी गेले. दोन्ही वेळा तो समोर बसला, पाऊसपाण्याचं बोलला, ती चहा ठेवून आत गेली. ती अंगणाच्या पुढे येईनाशी झाली. एकदा मी एसटीने ओरोसला गेले, बायकांच्या तक्रारी बघणाऱ्या सरकारी कार्यालयात. तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "आम्ही घरी जाऊन चौकशी करू. पत्ता द्या." मला ती ओटी दिसली, तो बाक दिसला, त्याचं ते "बसा, च्या घेवा" ऐकू आलं. ती सगळ्यांसमोर "विहिरीर पाय घसारलो" म्हणणार, आणि चौकशी करणारे गेल्यावर ती घरात एकटी. मी पत्ता दिला नाही. "विचार करून सांगते," असं म्हणून उठले. ते शहाणपण होतं की भित्रेपणा, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. भित्रेपणा होता.

मागची खोली मात्र मी रिकामी केली. लोकांचं जे जे होतं ते नेऊन टाकलं, नंतर कुणाचं काही ठेवूनच घेतलं नाही. भिंतींना चुना लावला, खाट टाकली, आतून कडी बसवून घेतली. आमचे हे बघत होते. एरवी प्रत्येक गोष्टीवर थट्टा करणारा माणूस, या वेळी फक्त एवढंच म्हणाला, "ती येवची नाय गो आता." मी त्यांच्यावर खेकसले. तीन वर्षं मी ती खोली दर शनिवारी झाडली.

मग पुन्हा कौल झाला. त्यांची खोप या वेळी आमच्या बागेत नव्हती, व्हाळाच्या वरच्या अंगाला, देवळाच्या माणसांच्या मधोमध होती. पहिले दोन दिवस ती मला एकटी सापडलीच नाही. तिसऱ्या दिवशी बायका भांडी घेऊन व्हाळावर उतरल्या, त्यांत ती दिसली. खूप वाळली होती. मी शेजारी जाऊन बसले, तिच्यातलं एक पातेलं ओढून घेतलं आणि घासायला लागले.

"खोली रिकामी केलंय," मी म्हटलं. "आतून कडी आसा. काय घेव नको, अशीच चल. आत्ता."

ती घासत राहिली. मला वाटलं, ऐकलंच नाही.

"माझा चुकला," मी म्हटलं. "माका कळाक नाय गो तेव्हा."

"कळला तरी काय," ती म्हणाली. "माका लपाक एकच घर होता. आता तेका ता म्हायत झाला."

तिने माझ्या हातातलं पातेलं काढून घेतलं, विसळलं, आपल्या भांड्यांवर ठेवलं आणि उठून गेली. मी पाण्यात हात घालून तशीच बसले. कडी, खाट, चुना, तीन वर्षांचे शनिवार, यांतलं काहीही त्या एका वाक्यापुढे उभं राहत नव्हतं. त्याला फोन करून ट्रंक कुठे आहे ते मीच सांगितलं होतं.

चौथ्या दिवशी लोक परतायला लागले. मी अंगणाच्या टोकाला उभी राहिले. ती डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन आली, खाली बघत. तिच्या मागे तो, हातात देवळाचा दंड, कपाळाला अंगारा. मला पाहून तो थांबला. ती दोन पावलं पुढे जाऊन थांबली, पण वळली नाही. त्याने हात जोडले.

"बाई," तो म्हणाला, "आमचा काय तुमच्याकडे ऱ्हवाक नाय मां?"

मी तिच्या पाठीकडे पाहिलं.

"नाय," मी म्हटलं. "काय नाय."