उन्हाळ्याची लोकर

कापडाच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये, असा माझा परवापरवापर्यंत ठाम समज होता. भिवंडीत आमच्या तीन पिढ्या लूम चालवतात. कापड चिमटीत धरायचं, अंगठा एकदा फिरवायचा आणि सांगून टाकायचं, सुती आहे, टेरीकॉट आहे की निव्वळ पॉलिस्टर. माझे काका तर न बघता सांगायचे. निदान आम्हाला तसं वाटायचं.

याच काकांनी चोवीस वर्षांपूर्वी, माझ्या साखरपुड्यात, माझ्या सासऱ्यांनी आणलेलं सुटाचं कापड असंच चिमटीत धरलं होतं. सासरे जवळच्याच खारबाव गावचे. भातशेती सांभाळून त्यांनी ठाण्याच्या एका गरम कापडाच्या गिरणीत आयुष्य काढलं. ते म्हणाले, "शुद्ध लोकर हाय. लग्न मे महिन्यात, म्हनून पातळ घेतली." काकांनी अंगठा फिरवला आणि सगळ्यांसमोर हसले. "लोकर? ही? टेरीकॉट हाय पाव्हणं. भिवंडीवाल्यांना कापड शिकवता?" सगळं घर हसलं. मीही हसलो, आणि जरा मोठ्यानेच हसलो. सासऱ्यांनी कापडाची घडी घालून ठेवली. ते कापड शिवलंच गेलं नाही. लग्नात मी आमच्याच लूमवरच्या कापडाचा सूट घातला आणि फोटोत माझा चेहरा आंघोळ करून आल्यासारखा दिसतो.

बायको या विषयावर पुढे कधी एक शब्द बोलली नाही. दर दिवाळीच्या साफसफाईत ती कपाटाच्या तळातलं ते कापड काढायची, झटकायची, डांबराच्या गोळ्या बदलून परत ठेवायची. मला वाटायचं, काटकसरी बाई आहे.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी साखरेचा रिपोर्ट बघून चष्मा काढला आणि म्हणाले, हलायला लागा. मी सायकल घेतली. घरापासून दापोड्याच्या आमच्या गोदामापर्यंत जायची आणि यायची, रोज. थंडीत मी स्वतःवर फार खूष होतो. एप्रिल आला आणि मस्ती उतरली. सायकलवाल्यांचा तो चकचकीत टी-शर्ट मी ऐटीत घेतला होता. तो म्हणजे शंभर टक्के पॉलिस्टर, आम्ही जे विणतो त्याचाच सख्खा भाऊ. दोन्ही बाजूंना ट्रक, वर ऊन, आणि अंगावर ते प्लास्टिक. पाठभर घामोळं उठलं, आणि वास असा की गोदामातला हमाल खुर्ची लांब सरकवून बसायचा.

मग सुती घातलं. सुती कापड पहिली पंधरा मिनिटं स्वर्ग आहे. नंतर ते घाम पितं आणि सोडायचं नाव घेत नाही. गोदामात पोहोचेपर्यंत पाठीला ओला टॉवेल गुंडाळल्यासारखं व्हायचं, आणि वर ऑफिसचा एसी. दोनदा सर्दी झाली. मे महिना सायकल भिंतीला टेकवून काढावा, असं मी ठरवत आणलं होतं.

माझ्याबरोबर एक दोस्त सायकल चालवतो. कोकणी मुसलमान, त्यांचाही कारखाना आमच्या गल्लीतच. त्याचा भाऊ परदेशात असतो. दोस्त म्हणाला, "अरे, तिकडे लोक भर उन्हात पातळ वूल घालतात सायकलला. तू पण घालून बघ." मी हँडल सोडून हसलो. घरी येऊन जेवताना बायकोला तोच विनोद ऐकवला. मे महिना, भिवंडी आणि लोकर.

ती हसली नाही. हात धुऊन उठली, आतून ते कापड घेऊन आली, माझ्या ताटाशेजारी ठेवलं आणि त्यावर काडेपेटी ठेवली.

आमच्या धंद्यात बोटं फसतात तेव्हा दोरा जाळून बघतात. सुती दोरा कागदासारखा जळतो. पॉलिस्टर वितळतो आणि त्याची टणक गोळी होते. साखरपुड्याच्या दिवशी हे कुणी केलं नाही, कारण मंगल कार्याच्या कापडाला काडी कोण लावणार? मी कडेचा एक दोरा ओढला आणि पेटवला. तो ज्योतीपासून मागे सरला, कुरकुरला, काडी बाजूला घेताच आपला आपणच विझला. खोलीभर केस जळल्याचा वास आला. काळा दाणा बोटात धरला तर त्याची भुकटी झाली.

शुद्ध लोकर. शंका घ्यायला जागाच नाही. मला लाज वाटली आणि मी ताट बाजूला सारलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा, आणि तो चोवीस वर्षं आमच्याच कपाटात होता.

"आता शिवून घ्या," ती म्हणाली आणि ताटं उचलली.

टेलरने डोक्याला हात लावला. "सेठ, इतने अच्छे सूट के कपड़े का शर्ट? वो भी सायकल के लिए?" मी म्हटलं, हाफ शिव, सैल शिव, आणि उरलेलं कापड जपून दे.

पहिल्या दिवशी मानेला थोडं टोचलं, खोटं कशाला बोलू. पण अंजूरफाटा मागे पडला आणि वारा त्या कापडातून आरपार गेला. घाम येत होता, भरपूर येत होता, पण तो अंगाला चिकटून बसत नव्हता. ओलं व्हायचं ते वाऱ्यानेच गार होऊन वाळत होतं. आठवडाभर घातला, रोज नुसता पाण्यातून काढून वाळवला. घामोळं बसलं. हमालाची खुर्ची जागेवर आली. आख्ख्या मे महिन्यात माझा एक दिवस चुकला नाही. कशेळीकडे जाणाऱ्या ट्रॅफिकमध्ये एसी गाडीतले लोक काचेतून माझ्याकडे कीव आल्यासारखं बघायचे आणि मला त्यांचीच कीव यायची.

महिनाअखेरच्या रविवारी मी मुद्दाम दुपारी बाराला निघालो, खारबावला. सासरे ओटीवर बसले होते. ऐंशी पार, नजर अधू. मी समोर उभा राहिलो तर त्यांनी चेहरा नाही बघितला. शर्टाची कड चिमटीत धरली, अंगठा एकदा फिरवला.

"माझं कापड हाय," ते म्हणाले.

"हो मामा. चुकलं आमचं. दोरा जाळून बघितला."

त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. दुपारच्या उन्हातून आलेली पाठ, पण कापड जवळजवळ कोरडं. ते खुदकन हसले. शेजारच्या दोघांना हाक मारली आणि त्यांना शर्टाला हात लावायला लावला. मी नंदीबैलासारखा उभा राहिलो आणि खरं सांगतो, मला ते फार आवडलं.

शेजारी गेल्यावर ते म्हणाले, "जावईबापू, त्या दिवशी माझ्या खिशात काडेपेटी व्हती. काढली पन व्हती. पोरीनं माझा हात धरला. म्हनली, बाबा, नको. त्यांची मान खाली जाईल, आनि मला त्याच घरात जायाचं हाय."

परत येताना मी ते सात-आठ किलोमीटर कसे तोडले, मला आठवत नाही. ऊन लागलं नाही एवढं खरं. घरी पोहोचलो, बायको दारातच होती. मी म्हटलं, "मामांनी सांगितलं मला. काडेपेटीचं."

तिने माझ्याकडे बघितलं. चोवीस वर्षांत पहिल्यांदा मी तिला त्या विषयावर हसताना बघितलं, अगदी डोळ्यांपर्यंत. मग हात पुढे करून म्हणाली, "शर्ट द्या इकडे. उन्हात नाही वाळत घालायचा, सावलीत घालतात. लोकर आहे."