गुरुजींच्या घराचा फोटो

वेबसाइट सुरू होऊन सात महिने झाले होते आणि तिच्यावरून एकही फोन आलेला नव्हता. मी रोज सकाळी ऑफिस उघडलं की आधी संगणक चालू करायची, मेल बघायची, काही नाही, मग खिडकी उघडायची, परत येऊन पुन्हा मेल बघायची. दोन हजार सहा-सात सालची गोष्ट. रत्नागिरीत मी तेव्हा पंधरा-सोळा वर्षं घरांचे नकाशे काढत होते. जांभ्याच्या चिऱ्यांची, उतरत्या कौलांची घरं हे माझं मुख्य काम. ते मिळायचं एकाचं पाहून दुसऱ्याने विचारलं म्हणून. पण गावी घर बांधू पाहणारी मुंबईची माणसं आता ऑफिसात बसून इंटरनेटवर शोधतात, असं सगळीकडून ऐकत होते. ती मला का सापडत नव्हती, किंवा मी त्यांना, हे मला कळायला हवं होतं.

वेबसाइट चिपळूणच्या एका बाईंनी केली होती. वय माझ्याएवढंच. आधी त्यांचं टायपिंगचं इन्स्टिट्यूट होतं. मुलं येईनाशी झाली तसे त्यांनी टाइपरायटर काढून संगणक घेतले आणि वेबसाइट बनवायला शिकल्या. बोलायला फटकळ. मी फोन करून म्हटलं, "बाई, सात महिन्यांत एक फोन नाही."

"येणार कसा? तुमचा एक फोटो उघडेपर्यंत माणूस चहा पिऊन, कप विसळून येतो."

"फोटो चांगले आहेत हो. मी स्वतः काढलेत."

"चांगले आहेत, म्हणून तर जड आहेत. आणि नावं काय त्यांची? कॅमेऱ्याने दिली तीच, डीएससी चारशे बारा, डीएससी चारशे तेरा. मॅडम, सर्च इंजिनला डोळे नसतात. त्याला तुमचं घर दिसत नाही, अक्षरं दिसतात. अक्षरं द्या त्याला."

त्याच दिवशी मी वहीत पान आखलं. जुना नंबर, नवं नाव, मागचा मजकूर, वजन, झालं की नाही, असे पाच रकाने. फोटो बेचाळीस, नुकत्याच उभ्या राहिलेल्या घरांचे धरून. रोज सहा केले तर आठवड्यात संपतील असा हिशेब मांडला. लागले साडेतीन आठवडे. दुपारी वीज जायची, वीज असेल तेव्हा इंटरनेट जायचं, दोन्ही असेल तेव्हा राजापूरच्या साइटवरून गवंड्याचा फोन यायचा की खिडकी कुठे धरायची.

काम तसं सोपं होतं, फक्त किचकट. फोटोची रुंदी कमी करायची, म्हणजे तो हलका होतो आणि लवकर उघडतो. पण फार केली तर चिऱ्यांमधल्या सांध्यांच्या रेघा पुसट होतात, आणि माझ्या घरांत बघण्यासारख्या त्या रेघाच असतात. प्रत्येक फोटो तीन-चारदा करून बघितला. मग फाइलचं नाव. मग फोटोच्या मागे लपलेला मजकूर, जो बघणाऱ्याला दिसत नाही पण सर्च इंजिन वाचतं. "नुसतं 'घर' लिहू नका," बाईंनी बजावलं होतं. "कोणाचं, कसलं, कुठलं, सगळं लिहा. जेवढं नेमकं तेवढं चांगलं."

नेमकेपणा मला कोणी शिकवायला नको. माझ्या कपाटातल्या सगळ्या फायली आडनाव आणि गाव अशा लावलेल्या आहेत, अजूनही. कुठलीही फाइल मी अर्ध्या मिनिटात काढते. मी फोटोंनाही तीच पद्धत लावली. मालकाचं आडनाव, गाव, तालुका, जांभ्याचं घर. मागच्या मजकुरात त्याचंच वाक्य केलं: अमुक यांचं अमुक गावातलं चिऱ्यांचं घर, समोरून. फोटोखाली तेच, बघणाऱ्याला दिसेल असं, मराठीत. बेचाळीसच्या बेचाळीस. वहीतलं पान भरल्यावर मी ते दोनदा तपासलं आणि समाधानाने आडवी रेघ मारली.

महिन्याभराने फरक दिसायला लागला. जांभा दगडाचं घर असं शोधलं की माझी दोन घरं पहिल्या पानावर यायची. बोरिवलीहून एक फोन आला, डोंबिवलीहून एक. मी बाईंना कळवलं. त्या म्हणाल्या, "आता दिवसातून दहादा शोधत बसू नका स्वतःलाच." मी तेच करत होते.

मग एका सोमवारी गुरुजी आले.

देवरूखच्या पुढे एका वाडीत त्यांचं घर मी नुकतंच पुरं केलं होतं. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, शांत, कधी आवाज न चढवणारे. रंग व्हायचा होता, वास्तुशांत तीन आठवड्यांवर होती. मला वाटलं, रंगाचं विचारायला आले असतील. ते खुर्चीवर बसले, पण टेकले नाहीत.

"ताई, आमच्या घराचा फोटो तुम्ही इंटरनेटवर घातलाय?"

"हो. छान आलाय. दाखवू?"

"मी नाही बघितला. दादाने बघितला."

दादा म्हणजे त्यांचे थोरले बंधू. गोदीत नोकरी करून निवृत्त झालेले, मुंबईतच राहतात. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे दोन वर्षांत गावी आले नव्हते. त्यांच्या सूनबाईने ऑफिसात मैत्रिणीला गाव दाखवायचं म्हणून गावाचं नाव आणि आडनाव टाकून शोधलं. पहिलाच फोटो माझा आला. खाली आडनावासकट सगळं लिहिलेलं. तिने तो छापून घरी नेला.

"मग त्यांना आवडलं नाही का?" मी विचारलं.

"त्याला माहीतच नव्हतं, ताई."

मला आधी काही समजेना. वर्षभर बांधकाम चाललेलं आणि सख्ख्या भावाला माहीत नाही? गुरुजींनी मग सगळं सांगितलं. जमिनीची वाटणी झाली त्या दिवशी दादा एवढंच म्हणाले होते, बांधशील तेव्हा पहिलं मला सांग. गुरुजींनी सांगितलं नाही. "सांगितलं असतं तर पायाच्या दगडापासून पायपुसण्यापर्यंत सगळं त्यानेच ठरवलं असतं. तुम्ही ओळखत नाही त्याला. जन्मात एक गोष्ट मला स्वतः करायची होती. आणि पूर्वेची खोली मी त्याच्यासाठी काढलीय. जिन्याशिवाय, उंबऱ्याशिवाय. तुम्हाला आठवत असेल, मी त्यावर अडून बसलो होतो."

मला आठवत होतं. उंबरा नको म्हणणारे हे पहिलेच यजमान.

"पुढच्या आठवड्यात अक्षत घेऊन त्याच्याकडे जाणार होतो. पहिलं आमंत्रण त्याचं. इथे आणून, त्या खोलीत उभं करून सांगणार होतो की ही तुझी. वाडीत घरोघर जाऊन सांगितलेलं, दादाला कोणी कळवू नका. कोणी कळवलं नाही." ते हसायला गेले, पण जमलं नाही. "काल त्याचा फोन आला. म्हणाला, घर बघितलं, बरं आहे. आणि ठेवला."

अख्ख्या वाडीने वर्षभर तोंड बंद ठेवलं होतं. कोकणातल्या वाडीने! आणि फोडलं कोणी, तर मी. तेही इतकं नीटनेटकं, आडनाव-गाव-तालुका लावून. गुरुजींना फोटो काढलेला माहीत होता. माझ्या फायलीसाठी असेल, असं त्यांना वाटलं होतं. विचारायला हवं, हे वहीतल्या पाचही रकान्यांत कुठे नव्हतं.

गुरुजी जाताच मी चिपळूणला फोन लावला.

"तो फोटो आत्ताच्या आत्ता काढा."

"काढला," पाच मिनिटांनी बाई म्हणाल्या. मी शोधून पाहिलं. फोटो तिथेच.

"बाई, आहे अजून."

"साइटवर नाहीये. सर्च इंजिनकडे त्याची छोटी प्रत राहते. ते पुन्हा फेरी मारेल तेव्हा जाईल."

"कधी मारेल?"

"त्याची मर्जी. आपण बोलावलं तेव्हा लवकर आलं होतं का?"

पुढचे दहा-बारा दिवस मला कशातच रस वाटेना. बांधकामावर जायची, अर्धं काम बघायची, परत यायची. ऑफिसात शिरताच गुरुजींचं आडनाव आणि गाव टाकायची. नखाएवढा तो फोटो यायचा. दाबला तर पान रिकामं उघडायचं, म्हणजे आणखीच वाईट, कोणीतरी काही लपवतंय असं वाटावं. एकदा देवरूखच्या एका सायबर कॅफेत थांबून तिथल्या संगणकावर बघितलं, जणू तिथे वेगळं दिसणार होतं. बाकीच्या सगळ्या मालकांना फोन करून परवानगी मागायला लागले. बहुतेकांना आनंदच झाला. एक वहिनी म्हणाल्या, "राहू दे की फोटो. फक्त ओटीवरची वाळत घातलेली लुंगी दिसतेय ती काढता येते का बघा." तरीही मी सगळ्या फोटोंवरची आडनावं काढली आणि नावं नव्याने दिली. दगड, कौल, ओटी, तालुका. पुन्हा बेचाळीस ओळी. नाही, एक्केचाळीस.

गुरुजी ठरल्याप्रमाणे मुंबईला जाऊन आले. त्यांनी फोनवर सांगितलं, "अक्षत घेतली. बघू म्हणाला. चहा दिला."

"खोलीचं सांगितलंत?"

"नाही. ते तिथे कसं सांगणार?"

वास्तुशांतीच्या चार दिवस आधी ऑफिसात फोन वाजला. जाड, चढा आवाज. "तुमच्या साइटवर आमच्या घराचा फोटो होता. तो उघडत नाही."

कोण ते मी लगेच ओळखलं. उभी राहिले. "तो काढलाय. न विचारता लावला होता, माझी चूक झाली. गुरुजींना त्यातलं काहीच माहीत नव्हतं."

"त्याला काही माहीत नसतं. लहानपणापासून." मग मुद्द्यावर आले. "हे बघा, सूनबाईने कागद समोर ठेवला तेव्हा मी विचारलं, हे कोणाचं घर? आडनाव माझं, गाव माझं, आणि घर मला ठाऊक नाही. तुम्ही बांधता ना घरं? मग तुम्हीच सांगा, माणसाला काय वाटेल?"

मी पुन्हा माफी मागू लागले, तर त्यांनी मध्येच तोडलं.

"किती खोल्या आहेत?"

चार, म्हणणार होते. पूर्वेची तुमची, म्हणणार होते. नकाशा टेबलावरच पडलेला होता, आणि एका वाक्यात सगळं मिटेल असं मला मनापासून वाटलं. ते वाक्य जिभेवर घेऊन मी टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. पण एकदा मी गुरुजींच्या आधी बोलून बसले होते.

"ते गुरुजीच दाखवतील तुम्हाला."

"नकाशा तुम्ही काढलात आणि खोल्या तुम्हाला मोजता येत नाहीत?"

"येतात. पण सांगणार नाही."

"बरीच शहाणी माणसं जमवलीत त्याने," म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी गुरुजींना हे कळवलं नाही. कळवून काय कळवणार? येणार की नाही, ते मलाही समजलं नव्हतं.

वास्तुशांतीला मी सकाळी आठलाच पोचले. होमाची तयारी चालली होती. गुरुजी सोवळ्यात, पण लक्ष सारखं रस्त्याकडे. मी पागोळीच्या खाली आलेली भेग तपासली, मोरी तपासली, तपासलेलं पुन्हा तपासलं. पूर्णाहुती झाली, पंगतीची पानं मांडली, तेव्हा खालच्या वळणावर रिक्षा थांबली. आधी काठी बाहेर आली, मग एक उंच म्हातारे गृहस्थ, मागून सूनबाई. ते घरासमोर उभे राहिले. कौलांपासून जोत्यापर्यंत सावकाश बघितलं.

"फोटोत मोठं दिसत होतं," ते म्हणाले.

गुरुजी पुढे झाले, त्यांचा हात धरला आणि त्यांना आत नेलं. मी ओटीवरच थांबले. आतलं काही ऐकू येत नव्हतं. नंतर दादांचा आवाज आला, फोनवर होता तसाच चढा: "उंबरा का नाही इथे? विसरली का ती बाई?" गुरुजींचं उत्तर हळू होतं.

सूनबाई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. "मीच शोधला तो फोटो," ती म्हणाली. "तेव्हापासून घरात मला कोणी काही शोधायला सांगत नाही."

"मीही आता विचारल्याशिवाय काही लावत नाही," मी म्हटलं.

तेवढ्यात दार उघडलं. दादा दारात उभे, अंगावर बनियन, हातात घडी घातलेला शर्ट. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"काय हो इंजिनीअर बाई, चार खोल्या मोजता येत नाहीत ते नाहीत, वर माझ्या खोलीत एक खुंटी नाही. शर्ट ठेवायचा कुठे मी आठ दिवस?"

पहिल्या पंगतीत सुतार जेवायला बसला होता. मी सरळ त्याच्या पानासमोर जाऊन उभी राहिले.

"आत्ता?" तो म्हणाला. त्याच्या हातात भाताचा घास होता.

"आत्ता," मी म्हटलं.