कोणाकोणाला भेटलात?

साथीच्या रोगांचा माग काढणं ही माझी नोकरी. पेशंट सापडला की घरी जायचं आणि विचारायचं, "गेल्या काही दिवसांत कोणाकोणाला भेटलात?" हाच प्रश्न विचारत वसई-विरारभर फिरलं की किस्से साठतात. ते सांगायला मात्र कोणीतरी लागतं, आणि फ्लॅटवर मी एकटाच असतो.

*

पुतणीच्या साखरपुड्याचा फोन आला. पत्ता, वेळ, सगळं सांगून झाल्यावर वहिनी जरा अडखळल्या.

"भाऊजी, त्या दिवशी सुट्टी आहे ना तुम्हाला? नाही, म्हणजे… थेट ड्युटीवरून नका येऊ."

*

गिरीज गावात डेंग्यूचा पेशंट निघाला, म्हणून आसपासच्या वाड्या तपासल्या. मारियाबाय वाडीत एकट्याच राहतात, मुलं कॅनडात. त्यांच्या पिंपात अळ्या वळवळत होत्या. मी पिंप उपडं करून घासून दिलं. पुढच्या आठवड्यात बघतो तर पुन्हा भरलेलं, पुन्हा अळ्या.

मी वैतागून म्हणालो, "बाय, पिंप कोरडं ठेवा, म्हणजे मला यायला नको."

"मग कोन येल रे?"

*

कोविडात घरी अडकलेल्यांना आम्ही रोज फोन करून ताप विचारायचो. पापडी गावचे एक रिटायर्ड सर बरे झाले, तसे माझे फोन थांबले. मग एक दिवस त्यांचाच आला.

"आज टेंपरेचर नाही विचारलंत?"

"सर, तुमची केस बंद झाली."

"ते माहीत आहे. अठ्ठ्याण्णव आहे. लिहू नका, नुसतं ऐका."

*

विरारच्या एका नोकरदार गृहस्थांना टीबी निघाला. घरात दुसरं कोणी नाही. जास्त वेळ कोणासोबत बसता, विचारलं. बराच विचार करून म्हणाले, "रविवारी राजोडीला, समुद्राकडच्या बाकड्यावर. एक जण येतात. नाव नाही माहीत. आम्ही फारसं बोलत नाही."

मोकळ्या हवेत धोका कमीच. तरी रविवारी गेलो. बाकड्यावर एक वयस्कर गृहस्थ बसले होते, शेजारची जागा रिकामी.

मी म्हणालो, "तुमच्या संपर्कातल्या एकांना टीबी झालाय. तुम्हीही तपासून घ्या. त्यांचं नाव मला सांगता येत नाही."

"मलाही माहीत नाही," ते म्हणाले. मग विचारलं, "बरे होतील ना?"

"होतील. औषधं मात्र पूर्ण घ्यावी लागतात."

मी फिरून दमलो होतो, म्हणून शेजारी टेकायला गेलो. त्यांनी हातातली छत्री त्या जागेवर आडवी ठेवली.

"तिथं नको. या बाजूला बसा."