बंगलोरचे नऊ दिवस आणि एका मधचोराचा पुरावा

निघालो होतो कन्याकुमारीला. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. बी.ए.चं दुसरं वर्ष मी दुसऱ्यांदा सोडलं होतं आणि माझ्याकडे बघून सुस्कारे टाकायचं काम घरच्यांकडून शेजाऱ्यांकडे गेलं होतं. जा म्हणाली आई, फक्त वाटेत बंगलोरला मालूमावशीकडे लसणीच्या चटणीचा डबा पोचव. मालूमावशी म्हणजे आईची मावसबहीण. तासाभराचं काम. त्या डब्यापायी मी नऊ दिवस बंगलोरात राहिलो.

निपाणीहून एसटीनं बेळगाव, तिथून रेल्वे. जाणार असाल तर रिझर्व्हेशन करा. मी केलं नव्हतं, त्यामुळे दाराशी एका गृहस्थांच्या पत्र्याच्या ट्रंकेवर बसलो आणि भाडं म्हणून त्यांच्या मुलीच्या लग्नाची हकीकत दावणगेऱ्यापर्यंत ऐकली. मुलगा चांगला होता, असं माझंही मत पडलं.

स्टेशनसमोरच्या मॅजेस्टिक बसस्टँडहून मावशीचं चामराजपेट बसनं फार तर वीस मिनिटं. मला चार तास लागले. मार्केटपाशी शेवंतीचे ढीग दिसले म्हणून उतरलो. फुलं तोलणाऱ्या माणसाशी भांडणारी बाई जिंकते का, ते बघत थांबलो (जिंकली). मग इडली-वडा, मग कॉफी, मग आधीची कॉफी चांगली होती म्हणून पुन्हा एक. हे सगळं मिळून दहा-बारा रुपये. आज तेवढ्यात चटणीही वाढणार नाहीत.

मावशीनं दार उघडलं तेव्हा तिच्या एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं.

"सकाळी येणार होतास ना?"

"वाट चुकलो."

"सरळ रस्ता आहे," ती म्हणाली आणि लगेच विचारलं, "मराठी वाचता येतं ना नीट?"

बी.ए.च्या विद्यार्थ्याला हा प्रश्न लागतो. पण कारण होतं. मावशी मानववंशशास्त्रज्ञ. लग्न होऊन बंगलोरला आली, कॉलेजात शिकवू लागली आणि तीस वर्षं प्रत्येक सुट्टीत म्हैसूरपलीकडच्या जंगलात, मध काढणाऱ्या लोकांत जाऊन राहिली. पुढे नोकरी सोडून त्यांच्यासाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवू लागली. पेठेतल्या लोकांना मात्र तिचा मधाचा धंदा आहे असंच वाटे, कारण जंगलातून येणारा प्रत्येक पाहुणा हातात मधाचा डबा घेऊन यायचा.

आता त्या वस्तीतल्या अकरा घरांना जंगलखात्याच्या नोटिसा आल्या होत्या. जंगलात पूर्वीपासून राहत असल्याचा लेखी पुरावा ज्याचा, त्याचं नाव यादीत. बाकीच्यांनी जंगल सोडायचं. शुक्रवारी सुनावणी. आणि त्या लोकांबद्दल त्या काळात कुणी काही लिहिलं असेल तर ते फक्त मावशीच्या मराठी वह्यांत. तिला नीट दिसत नव्हतं, म्हणून वाचायचं मी.

पहिल्याच वहीत मी अडकलो. जंगलातल्या माणसांची नावं गोविंद, शांता, दत्तू, सुशीला. सुशीला तर माझ्या आईचं नाव.

मावशीनं शांतपणे सांगितलं की ज्यांच्याबद्दल लिहायचं त्यांची खरी नावं लिहायची नाहीत, हा त्यांच्या विद्येतला नियम. वही गार्डच्या हाती पडली तर लोक अडचणीत यायचे. रोज नवी नावं शोधायचा कंटाळा, म्हणून तिनं माहेर-सासरचे सगळे नातेवाईक वापरून टाकले. कोण कोणाचा, याची यादी होती. एकदा गार्ड झडतीला आला तेव्हा ती तिनं चुलीत घातली.

म्हणजे पुरावा होता, पण आमच्याच नात्यागोत्याचा. जंगलातल्या एकाचाही नाही.

मधले दिवस वाचनात गेले, असं लिहायला छान वाटतं. खरं म्हणजे अर्धे वाचनात आणि अर्धे दूध आणायला म्हणून जाऊन बँडवाल्यांच्या दुकानात ट्रंपेट वाजवून बघण्यात गेले. दूध दोनदा विसरलो.

गुरुवारी वस्तीतले दोघे आले. बोम्मा, सत्तरीचा, काटकुळा, कोणत्याही प्रश्नाला आधी 'बघू' म्हणणारा. आणि केंपी, त्याची विहीण. तिची मुलगी त्याच्या मुलाला दिलेली, त्यामुळे त्याला टोमणे मारायचा तिला पिढीजात हक्क. निपाणीचा असल्यामुळे मला कन्नड कळत होतं. मी वाचायचं, मावशीनं कन्नडमध्ये सांगायचं आणि त्या दोघांनी माणूस ओळखायचा. बायकोच्या भीतीनं तीन दिवस झाडावर राहिलेला दत्तू? केंपी पोट धरून हसली. तो तिचाच दीर. दुपारपर्यंत दहा घरांची माणसं सापडली.

अकरावं घर बोम्माचं. आणि वह्यांत उरला होता एकच माणूस, गोविंद.

गोविंदाची भानगड अशी. त्या लोकांत मधाचं प्रत्येक झाड एकेका घराचं असतं, बुंध्यावर खूण असते. दुसऱ्याच्या झाडाचा मध काढला तर त्या माणसाला चारचौघांच्या जाळाशी बसू देत नाहीत. गोविंदानं केंपीच्या नवऱ्याच्या झाडाचा मध चोरला होता. चोर तीस वर्षांत सापडला नव्हता.

अकरातून दहा वजा करायला बी.ए. लागत नाही. पण बोम्मा म्हणाला, हा कोण, आठवत नाही. केंपी छताकडे बघत राहिली.

नंतर मी मावशीला म्हटलं, तू सांगून टाक, नाहीतर म्हाताऱ्याचं घर जाईल.

"मी शब्द दिलाय," ती म्हणाली आणि एका डोळ्यानं तांदळातले खडे वेचू लागली. बरेचसे खडे तसेच राहिले. जेवताना कळलं.

शुक्रवारी कचेरीत साहेबांनी वहीच्या पहिल्या पानावरची मराठी नावं ऐकूनच भुवया चढवल्या. मग जशी वस्तीतून आलेली माणसं एकेक करून ओळखली जाऊ लागली, तसा टायपिस्ट सावरून बसला. प्रत्येकाची खोडी, जखम, भांडण जुळत होतं. दहा घरं झाली. मी शेवटचं पान वाचलं:

"आज गोविंदाचं तोंड भोपळ्याएवढं सुजलंय. घसरून पडलो म्हणतो. संध्याकाळी एकटा आला, खरं सांगितलं, कुणाला बोलू नकोस म्हणाला."

साहेबांनी विचारलं, हा गोविंद कोण? बाई, तुम्हाला ठाऊक असेल.

"ठाऊक आहे," मावशी म्हणाली. "सांगणार नाही."

"मग दहाच घरं," म्हणत साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

तीस वर्षं या लोकांसाठी पायपीट केलेली बाई हातांची घडी घालून बसली. मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं. बोम्मा साहेबांकडे बघतच नव्हता. तो केंपीकडे बघत होता. मग गुडघ्यांवर हात टेकून उठला.

"तो मी."

"तीस वर्षं लावलीस," केंपी म्हणाली. "मी नवऱ्याला म्हणायचे, तूच खाल्लास आणि झोपेत विसरलास. बिचारा तसाच गेला."

साहेब म्हणाले, घर वाचवायला कुणीही म्हणेल तो मी. याला पुरावा काय? केंपीनं उठून व्याह्याची हनुवटी धरली आणि त्याचं तोंड खिडकीच्या उजेडाकडे वळवलं. माश्या चावून सुजल्यापासून डावी पापणी पुरती उघडतच नाही, ती दाखवली. मग म्हणाली, "साहेब, जो तिथं राहत नाही, तो तिथं चोरी कशी करेल?"

टायपिस्टला खोकला आला. साहेबांनी टोपण काढलं आणि अकरावं घर लिहिलं.

जिन्यातच निकाल लागला. या हंगामात बोम्माच्या झाडाचा मध केंपीचा, आणि तो उतरेपर्यंत व्याह्यानं जाळापासून चार हात लांब बसायचं. बोम्मा म्हणाला, सरी, म्हणजे बरं. मग हळूच विचारलं, थंडीत स्वल्प पुढे सरकलं तर? बघू, असं केंपी म्हणाली.

परतताना रिक्षात मी मावशीला म्हटलं, तू सांगितलं असतंस तर पाच मिनिटांत काम झालं असतं.

"झालं असतं. आणि पुढे मला कुणी काही सांगितलं नसतं."

नवव्या दिवशी मी उलटी गाडी पकडली. पैसे संपले होते, हेही एक कारण. बंगलोर बघायला जाणाऱ्यांनी माझ्याकडून बागा, राजवाडे वगैरे विचारू नयेत. मी एक कचेरी आणि एक बँडचं दुकान पाहिलं.

माझ्या पोटात कधी काही राहत नाही, हे गल्लीला माहीत. त्यामुळे चहा व्हायच्या आत आईला सगळं सांगितलं. बोम्मानं ते भर कचेरीत सांगितलंच होतं. आई हसली आणि मग तिचा चेहरा बदलला. मालूनं सगळ्यांची नावं वापरली, तर सुशीला कोण? काय करते ती त्या वहीत?

मी तोंड उघडलं होतं. पण ती वहीतली बाई कचेरीत आली नव्हती आणि तिच्याबद्दल तिच्या तोंडून कुणी काही ऐकलं नव्हतं. मी चहा प्यायलो.

आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी शेजारणीला सांगत होती, बंगलोरला जाऊन पोरगं घुमं झालं. आजही अधूनमधून विचारते. तुम्ही तरी विचारू नका.