बॅटरी बदलली, उरला माणूस

समोरच्या चिमटाबाईंनी सासऱ्याला सामानासकट घराबाहेर काढलं, ही बातमी गेल्या महिन्यात आमच्या जिन्यावरून तीनदा खाली गेली आणि चारदा वर आली. तळमजल्यावर सामान म्हणजे एक बॅग होतं. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्याच्या दोन ट्रंका आणि एक पलंग झाला. बातमी खोटी. बॅग एकच होती, ती सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या आजोबांनी, स्वतःच्या हाताने भरली होती, आणि पाऊण तासाने ती गेली तशी परत वर आली. हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण त्या वेळी मी त्यांच्याच दिवाणखान्यात बसलो होतो आणि नको त्या क्षणी नको तो विनोद करून मोकळा झालो होतो.

चिमटाबाई लॅपटॉप दुरुस्त करतात. दुकान वगैरे नाही, जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग. त्या अर्ध्यावर अंड्यांचा रिकामा ट्रे, त्याच्या खळग्यांत कुठल्या मशीनचे कुठले स्क्रू ते वेगवेगळे, भिंग लावलेला दिवा, आणि खाली एक खण, ज्यात जगातले सगळे अनाथ चार्जर एकमेकांच्या गळ्यात गळे घालून पडलेले असतात. बारीक चिमटा त्या अंबाड्यात खोचून ठेवतात आणि मग घरभर शोधतात. नाव तिथूनच पडलं. मीच ठेवलं, आता लपवून काय उपयोग. नवरा जहाजावर, वर्षातले आठ महिने पाण्यात. घरात या आणि सासरे.

बाईंची ख्याती हाताची कमी आणि तोंडाची जास्त. म्हणजे प्रश्नांची. मशीन उघडायच्या आधी त्या गिऱ्हाइकाला समोर बसवतात आणि उलटतपासणी घेतात. शेवटचा नीट कधी चालला? त्या दिवशी घरात काय नवीन झालं? काही सांडलं का? लगेच नाही म्हणू नका, आठवा. चार्जर याच्याच बरोबर आलेला की मागून घेतलेला? एका वकिलाने वीस मिनिटं कीबोर्डवर काही सांडलंच नाही असं बजावलं आणि एकविसाव्या मिनिटाला कॉफी कबूल केली. "कोर्टात असं कुणी विचारलं असतं तर मी खटला हरलो असतो," असं तो बिचारा जिन्यात मला म्हणाला.

अशी ही बाई. आणि हिने घरच्या माणसाला एक प्रश्न विचारला नाही.

आजोबांचा लॅपटॉप जुना, झाकणाचा एक कोपरा चिकटपट्टीने धरलेला. पण आजोबांचं सगळं त्याच्यावर. जाडजूड पुस्तकांच्या शेवटी कुठला शब्द कुठल्या पानावर आहे याची यादी असते ना, ती सूची करणं हे त्यांचं काम. तीस वर्षं करताहेत. पूर्वी कागदाच्या पट्ट्यांवर करायचे, आता मशीनवर. सकाळी घरी टेबलापाशी चार्जर लावून बसायचे आणि दुपारी लॅपटॉप काखेत मारून कोपऱ्यावरच्या वाचनालयात जायचे. तिथे शांतता असते, संदर्भाची पुस्तकं असतात, फक्त प्लग लावायला जागा नाही. त्यामुळे दुपारचं काम बॅटरीवर.

सहा महिन्यांपूर्वी त्यांच्या चार्जरची वायर टोकाला सोलवटली होती. बाईंनी ते पाहिलं. म्हाताऱ्या माणसाला शॉक बसायला नको म्हणून हातातलं काम टाकून खण उपसला, त्याच कंपनीचा, त्याच पिनेचा दुसरा चार्जर काढला, पिन बसते का पाहिलं, बसली. जुना कापून फेकून दिला. चांगलंच केलं की. कुणीही म्हणेल.

आठवडाभराने आजोबा वाचनालयातून चौथ्या मिनिटाला परत आले. "अगं, बंद पडला हा."

"बॅटरी म्हातारी झालीय, बाबा."

बाईंनी बॅटरी बदलली. नवी आली ती अर्धी भरलेली होती, त्यामुळे दोन दुपारी सुखात गेल्या. तिसऱ्या दुपारी आजोबा पुन्हा चौथ्या मिनिटाला परत. आता बघा, बॅटरी बदललेली, चार्जर बदललेला. मग उरला कोण? उरला माणूस. त्यातून त्याच संध्याकाळी भिंतीवरचं बटण बंद सापडलं. एकदाच. बाईंच्या दृष्टीने तपास संपला.

"बाबा, तुम्ही प्लग लावता आणि बटण चालू करायचं विसरता."

"दिवा लागलेला होता गं चार्जरचा."

"कालचा आठवत असेल तुम्हाला."

"आणि सकाळी सुरू करताना एक चौकट येते. बारीक अक्षरात काहीतरी—"

"येतच असते ती, बाबा. बंद करायची."

आवाज चढवून नाही हो. प्रेमाने. तेच तर वाईट. चढ्या आवाजाला माणूस उलट उत्तर देतो, प्रेमाने सांगितलेलं ऐकून घेतो.

मग बाईंनी बटणावर लाल ठिपका चिकटवला. मग "बाबा, बटण?" असं कामाच्या मधून ओरडायला लागल्या. मग रोज फोनवर नणंदेला, "ताई, आजही विसरले हो." नणंद शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते. ती काळजीने अर्धी झाली. एकदा बाईंनी मलाही दारात सांगितलं, की आजोबांचं हल्ली जरा लक्षात राहत नाही. मला सांगणं म्हणजे काय ते आमच्या इमारतीत मांजरालाही माहीत आहे. दुसऱ्या दिवशी खालचा इस्त्रीवाला आजोबांशी मोठमोठ्याने, शब्द तोडून तोडून बोलायला लागला. पहिल्या मजल्यावरच्या बाई त्यांना जिन्यात धरून विचारायच्या, "मला ओळखलंत का?" आजोबा आधी हसायचे. पुढे पुढे ते उत्तर द्यायच्या आधी क्षणभर थांबायला लागले. ते थांबणं मी पाहिलं होतं. पाहिलं आणि घरी येऊन सौ.ला म्हणालो, "बघ, मी म्हटलं नव्हतं?"

एका सकाळची न साठवलेली सूची मशीन बंद पडून गेली तेव्हा आजोबांनी प्रकाशकाची छापील पानं गठ्ठा बांधून परत करायला काढून ठेवली. म्हणाले, ज्याला बटण आठवत नाही त्याने दुसऱ्याच्या पुस्तकातलं काय आठवून लिहायचं. नणंदेने डॉक्टरची वेळ घेतली आणि ठरवलं की बाबांनी आता तिच्याकडेच राहायचं. शनिवारी अकराला न्यायला येते म्हणाली.

त्या शनिवारी साडेदहाला मी माझा लॅपटॉप घेऊन गेलो. निमित्त होतं, माझा चार्जर ऑफिसात राहिला होता. खरं कारण, निघताना काय काय होतं ते पाहायचं होतं. आजोबा बूट घालून सोफ्याच्या टोकावर बसले होते. बॅग एका हमालाबरोबर आधीच खाली गेली होती. लॅपटॉप टेबलावर तसाच.

"हा नाही न्यायचा?" मी विचारलं.

"मला काय करायचाय आता," आजोबा म्हणाले. "चार्जर हवाय ना तुम्हाला? घ्या हा. माझ्या हातून बटण दाबलं जात नाही, तुमच्या हातून दाबलं जाईल."

माझंही मशीन त्याच कंपनीचं. मी पिन खुपसली, बटण दाबलं, मशीन सुरू केलं. पडद्यावर एक चौकट आली. मी मोठ्याने वाचली. चार्जर कमी ताकदीचा आहे, मशीन चालेल पण बॅटरी भरली जाणार नाही, असं काहीसं त्यात होतं. आणि मग मला राहवलं नाही.

"काय हो वहिनी, तुमच्या घरातला चार्जरही विसरायला लागला की काय?"

बाई टेबलाच्या त्यांच्या अर्ध्यावर स्क्रू लावत होत्या. चौकट ऐकली तशा उठल्या, माझ्या मशीनचा चार्जर काढून घेतला, उलटा केला आणि भिंगाखाली धरला. पहिली ओळ व्होल्टची. ती त्यांनी सहा महिन्यांपूर्वी वाचली होती, बरोबर होती. दुसरी ओळ ताकदीची, वॅटची. ती वाचली नव्हती. आजोबांच्या मशीनला लागतात पासष्ट, हा देणारा पंचेचाळीस. एवढ्यात मशीन चालतं, दिवा लागतो, सगळं ठीक दिसतं, आणि बॅटरीच्या वाट्याला काही येत नाही.

बाईंनी खणातून पासष्टचा एक काढला आणि आजोबांच्या लॅपटॉपला लावला. कोपऱ्यातलं बॅटरीचं चित्र भरायला लागलं. एक टक्का. दोन टक्के. खोलीत तेवढंच चाललं होतं.

मग त्या खुर्ची ओढून आजोबांच्या समोर बसल्या. जशा गिऱ्हाइकासमोर बसतात तशा. आवाज मात्र गिऱ्हाइकाला लावतात तो नव्हता.

"बाबा, शेवटचा नीट कधी चालला?"

आजोबांनी कोटाच्या खिशातून एक छोटी वही काढली. "डॉक्टरला दाखवायला ठेवली होती," म्हणाले.

बाईंनी वाचली. त्यांच्या खांद्यावरून मीही वाचली, मला कोण अडवणार. रोजचं एक पान. सकाळी नऊ दहा, बटण चालू केलं. दिवा आहे. सव्वानऊ, परत जाऊन पाहिलं, चालू. बारा चाळीस, काढताना बटण चालूच होतं. तरी रिकामा. आणि प्रत्येक पानाच्या शेवटी त्याच सुबक अक्षरात एक ओळ: म्हणजे मधे केव्हातरी मी बंद केलं असणार. आठवत नाही.

एकशे अकरा पानं.

तेवढ्यात नणंद आली. धापा टाकत, गाडीची किल्ली हातात. "चला बाबा, खाली गाडी आडवी लावलीय."

"ताई, बाबा कुठे जाणार नाहीत," चिमटाबाई म्हणाल्या. "ते विसरत नव्हते. चार्जर मी चुकीचा दिला होता."

"अगं, आज मन राखायला बोलू नकोस."

"मन नाही राखत. हे बघा, हे पंचेचाळीस, हे पासष्ट. बटण रोज चालू होतं. त्यांनी मला दिव्याचं सांगितलं होतं, चौकटीचं सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

नणंदेने दोन्ही चार्जर पाहिले, तिला काही कळलं नाही, पण वही पाहिली आणि ते कळलं. मग ती जी भडकली! "सहा महिने तू मला रोज फोन करून सांगतेस, आणि मी रात्र रात्र जागते! मी त्यांना डॉक्टरकडे न्यायला निघाले होते, तुझ्या एका वायरपायी?" तोच आवाज खाली गेला आणि तळमजल्यावर बॅग दिसली. बाकीचं जिन्याने रचलं.

 बाई फक्त मान हलवत राहिल्या.  आजोबा म्हणाले, "मग त्या दिवशी गॅसवर दूध उतू गेलं, ते?"

"ते माझ्याही हातून जातं, बाबा."

"आणि चष्मा सापडेना, तो?"

"तो डोक्यावर होता. माझा चिमटा रोज अंबाड्यात असतो."

"हं," आजोबा म्हणाले. पण ते 'हं' पटल्याचं नव्हतं. बाईंना ते कळलं, मलाही. चार्जर दोन मिनिटांत बदलता येतो. सहा महिने प्रेमाने सांगितलेलं काढून घ्यायला खणात काही नसतं. आजोबा उठले, बूट काढले, भिंतीपाशी गेले आणि लाल ठिपक्याचं बटण चालू आहे ना ते पाहिलं. मग दोन पावलं परत येऊन पुन्हा वळून पाहिलं. बाईंनी तोंड फिरवलं.

बॅग मी वर आणली. तेवढं तरी करावं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी चिमटाबाई गठ्ठा घेऊन प्रकाशकाकडे गेल्या आणि मुदत मागून आल्या. चूक कुणाची तेही सांगून आल्या. त्यानंतर त्यांनी जे केलं ते मी आजवर कुणाला करताना पाहिलं नाही. इस्त्रीवाल्यापासून सुरुवात करून त्या दारोदार गेल्या. प्रत्येक दारात तेच. आमच्या बाबांची आठवण शाबूत आहे, चार्जर मी चुकीचा दिला होता, आणि त्यांच्याशी हळू आवाजात, नेहमीसारखं बोलत जा. एवढं सांगून पुढचं दार. वकिलाकडेही गेल्या. पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी तर तिथल्या तिथे विचारलं, मग आमच्या मुलीचा लॅपटॉप तुमच्याकडे ठेवू की नको? बाई म्हणाल्या, न्यायचा तर न्या. त्यांनी नेला.

शेवटी आमची बेल वाजली. बाई दारात उभ्या, चेहरा उतरलेला. मला खरंच कळवळा आला आणि कळवळा आला की मी शहाणपणा शिकवतो. म्हटलं, "वहिनी, कशाला स्वतःच्या हाताने धंदा बसवताय? चार्जर बिघडला होता म्हणायचं आणि सोडून द्यायचं. कोण तपासायला येणार आहे?"

 त्या म्हणाल्या:

"चार्जर बिघडला नव्हता, भाऊजी. तो बिचारा होता तेवढा देत होता. बिघडले मी, आणि बिघडली तुमची जीभ. मी माझं दारोदार सांगून आले. तुम्ही चपला कधी घालताय?"