टॉवेलाखालचा हात

शनिवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी हनुमंत काष्टीच्या जनावरांच्या बाजारात एका बैलाचा जबडा उघडून दात पाहत होता. मालकाने बैल दोन दाती, म्हणजे अगदी तरणा, सांगितला होता. हनुमंतने जबडा सोडला, हात पायजम्याला पुसला आणि विचारलं, "मग बाकीचे चार कोनाचे, तुमचे?"

हनुमंत दलाल आहे. खांद्यावर टॉवेल, आणि त्या टॉवेलाखाली समोरच्याची बोटं दाबून भाव ठरवायचा. काय ठरतंय ते शेजारी उभ्या माणसालाही कळत नाही. हात टॉवेलाखाली आहेत तोवर तिसऱ्याने मध्ये पडायचं नाही, हा इथला रिवाज.

सौदा झाला की पाजायची, हाही रिवाजच. दलालाला विकणाराही आग्रह करतो आणि घेणाराही. हनुमंतने बरीच वर्षं दोघांपैकी कुणाचंच मन मोडलं नाही. दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात राहिला. औषधांनी अंग ताळ्यावर आलं, पण घरी परतल्यावर बाजाराचा शनिवार होताच. मग श्रीगोंद्यात शामकांतराव भेटले. बँकेतून निवृत्त झालेले, स्वतः एकेकाळचे पिणारे. ते अशाच माणसांची बैठक घेत. उपदेश नाही, प्रत्येकाने आपापलं सांगायचं.

"तिथं थाप मारायची सोय न्हाई," हनुमंत सांगतो. "बायकूला खपवलेली समदी कारणं तिथल्या लोकांनी आदीच वापरलेली."

आता काष्टीतही असा गट आहे. दलाल, टेम्पोवाले, एक शिंपी. सगळे सुटले असं नाही. काही यायचे बंद झाले, त्यातले एक-दोघे परत आले. परतलेल्याला कोणी कारण विचारत नाही, चहा देतात. अडचण बाजारातली. भर गर्दीत 'मला प्यावीशी वाटतेय' असं कोण म्हणणार? म्हणून गटाने टॉवेलच वापरायला घेतला. एक बोट दाबलं तर ठीक चाललंय. सगळा पंजा दाबला तर मला सोडून जाऊ नको.

त्या शनिवारी गटातल्या आसारामने बैलजोडी विकली. दिवाळीपासून तो प्यायला नव्हता आणि सोडल्यानंतरचा हा त्याचा पहिलाच सौदा. जोडी घेतली दौंडच्या छगनशेठने. बैल टेम्पोत चढायच्या आत शेठ म्हणाले, "चला पाव्हणं, बसू जरा. कोरड्या तोंडानं बैल न्हेत न्हाई मी."

आसाराम चालत हनुमंतपाशी आला आणि टॉवेलाखाली हात घालून सगळा पंजा दाबला.

हनुमंतने पंजा धरून ठेवला. मागून शेठ आले. जनावरांच्या डॉक्टरांना दाखवायला आणलेली आसारामची दुभती गाय शेजारीच बांधलेली होती. बाजारात निम्मं आयुष्य गेलेल्या माणसाने काढावा तोच अर्थ त्यांनी काढला: गायही निघाली विकायला.

"गाय व्हय? मग मलाबी सांगायचं की."

"थांबा शेठ," हनुमंत म्हणाला. "बोलनी चाललीत."

शेठ थांबले. थांबणं भागच होतं. शेठ थांबलेत म्हटल्यावर आणखी दोघे थांबले. कोणी गाईची कास पाहिली, कोणी शेपटी उचलली. टॉवेलाखाली दोन घामेजलेले हात, बाकी काही नाही.

"किती येळ?" शेठ वैतागले. "गाय हाय का हत्ती?"

"मानूस अडून बसलाय," हनुमंत म्हणाला. "उतरायला तयार न्हाई."

आसारामला हसू आलं. ते दाबायला त्याने मान वळवली, तर शेठना वाटलं, भाव पटत नाही.

टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. ऊन चढायच्या आत त्याला दौंड गाठायचं होतं. शेवटी शेठ चिडून केबिनमध्ये चढले. "न पाजता चाललोय, ध्यानात ठेवा," म्हणाले, आणि टेम्पो हलला.

आसारामने चार बोटं सोडली. एक दाबून ठेवलं.

"इकली का गाय?" गर्दीतल्या एकाने विचारलं.

"न्हाई," आसाराम म्हणाला. "घरी न्हेतो."

पूर्वी बाजाराला आलेला आसाराम दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचायचा. म्हणून रविवारचं दूध त्याची बायको चांगुणाच डेअरीवर घालत आली होती. त्या दिवशी दुपारी एकलाच तो गाय घेऊन घरी होता, तेव्हाच तिने कॅन धुऊन त्याच्या सायकलपाशी ठेवली. डेअरीचा काटा रविवारी सकाळी सहाला सुरू होतो. दूध आसाराम नेणार होता.