कोमट बॉनेट

मास्तर शाळेतले नव्हते, ड्रायव्हिंग स्कूलचे होते. उभा जन्म त्यांनी शिकाऊ लोकांच्या शेजारच्या सीटवर काढला, तोही त्या सीटपुढं बसवलेल्या जादा ब्रेकवर पाय ठेवून. त्याची त्यांना खोडच लागली होती. दुसऱ्या कुणाच्याही गाडीत बसले तरी वळण आलं की पाय आपोआप खाली दाबला जायचा. गल्लीतले लोक पाठीमागं त्यांना ब्रेकमास्तर म्हणत. ते त्यांच्या कानावर आलं होतं, आणि त्यात त्यांना काही वावगं वाटलं नव्हतं.

गल्लीत कुणाला जुनी गाडी घ्यायची झाली की मास्तरांवाचून पान हलत नसे. दलालाकडची नसून थेट मालकाकडून घ्यायची असली तर विचारायलाच नको. दलाल खोटं बोलतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण घरातला माणूस चहा पाजून खोटं बोलतो, असं मास्तरांचं म्हणणं होतं. त्यांची रीत ठरलेली. जायचं ते भर उजेडात, आणि पाऊस पडून गेल्यावर कधीच नाही, कारण ओल्या गाडीचा रंग सगळीकडं सारखाच चकाकतो. फोनवर आधीच बजावायचं, आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर गप्पाटप्पा न करता सरळ बॉनेटवर तळहात ठेवायचा. गार लागलं तर पुढं बोलायचं. कोमट लागलं तर समजायचं की सुरू व्हायला कुरकुरणारं इंजिन मालकानं आधीच तापवून ठेवलंय. मग दारांच्या फटी, रंगातला फरक, टायरांची झीज, डिकीतल्या चटईखालचा वास. कागदावरचा नंबर आणि गाडीवर कोरलेला नंबर एकच आहे का, गाडीवर कर्ज आहे का. सगळं जुळलं तरच चालवून बघायची, आणि कागदावर नाव बदलल्याशिवाय किल्लीला हात लावायचा नाही.

मास्तर बाहेर गाडी बघत तेव्हा त्यांची बायको आत बसून माणसं बघायची. ती बरोबर असायचीच. तिचा प्रश्न एकच, तोही पाण्याचा पेला खाली ठेवता ठेवता सहज विचारल्यासारखा: मग, का विकताय? उत्तर पटलं तर ती चहा संपवायची. नाही पटलं तर अर्धा कप तसाच ठेवून उठायची. मास्तर हात पुसत आत आले की आधी तिच्या कपात डोकावत. लोक मास्तरांच्या नजरेचं कौतुक करत, आणि निम्मी नजर कपात आहे हे त्या दोघांखेरीज फक्त त्यांच्या मुलीला ठाऊक होतं.

गंमत अशी, की अख्ख्या गल्लीला गाड्या घेऊन देणाऱ्या माणसाच्या दारात स्वतःची गाडी कधी उभी राहिली नाही. बायकोला फार हौस होती. मास्तर दर वेळी बघायला जायचे आणि दर वेळी काहीतरी निघायचं. कधी दार नीट बसत नसे, कधी डिकीला ओलीचा वास यायचा. एकदा सगळं बरोबर निघालं, बायकोनं कपही रिकामा केला, तर मास्तरांनी आरशाला नावं ठेवली. "तुम्हाला गाडी नकोच आहे," ती म्हणाली होती, "तुम्हाला खोट हवी आहे." म्हणाली आणि हसली. पुढं ती आजारी पडली, आणि गाडीचं राहूनच गेलं.

ती गेली तेव्हा मास्तरांना रडू आलं नाही. लोक म्हणाले, खंबीर माणूस. खंबीर वगैरे काही नव्हतं. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल आपला वाटत नाही, तसं त्यांना सगळंच झालं होतं. उठायचे, दाढी करायचे, पेपर चाळायचे, खिडकीशी बसायचे. दुःख झालंय असंही म्हणवत नव्हतं. मुलगी दूरच्या गावाहून दर रविवारी बसनं येऊन स्वयंपाक करून ठेवायची. एकदा ती भाजीत मीठ घालायलाच विसरली. मास्तरांनी ताटातली भाजी पुसून संपवली आणि छान झालीय म्हणाले. नंतर तिनं स्वतः घास घेतला, आणि बराच वेळ मोरीचा नळ सोडून उभी राहिली.

मुलीला आता दिवस गेले होते. डॉक्टरांनी बसचे धक्के बंद करायला सांगितले होते. त्या रविवारी आल्या आल्या तिनं ते सांगून टाकलं, की ही शेवटची फेरी, यापुढं बाबांनीच तिच्याकडं यायचं. मास्तर बघू म्हणाले.

"बघू म्हणजे नाही," ती म्हणाली. "दोन बस बदलून तुम्ही यायचे नाही, मला माहीत आहे. गाडी घ्या, बाबा. याही वेळी खोट काढून बसलात तर बाळाला आजोबा फोटोतच दिसतील."

तिनं जाहिरात शोधून ठेवली होती, ड्रायव्हिंगचे मास्तर येतायत म्हणून फोनही करून ठेवला होता, गाडी सुरू न करण्याचं बजावूनही झालं होतं. मास्तरांनी शर्ट बदलला. जायला त्यांची ना नव्हती. ना म्हणायलाही थोडी इच्छा लागते.

घर बसकं होतं, पुढं लहानसं अंगण, लोखंडी फाटक. राखाडी रंगाची छोटी गाडी फाटकाकडं तोंड करून उभी. मालकीणबाई साठीच्या पुढच्या, दार उघडून घाईनं पदराला हात पुसत बाहेर आल्या. ओसरीच्या खुर्चीत त्यांचे यजमान बसले होते, काळा चष्मा लावून, मान किंचित तिरकी करून. मास्तरांनी कुणाकडं बघितलं न बघितलं आणि बॉनेटवर हात ठेवला.

बॉनेट कोमट होतं.

हात तसाच ठेवून त्यांनी पुढचा कोपरा न्याहाळला. बंपर आणि दिव्याभोवतीचा पत्रा बाकी गाडीपेक्षा नवा दिसत होता. रंग ताजा होता. म्हणजे इंजिन तापवलेलं आणि धडक झाकलेली, दोन्ही एकाच गाडीत. एरवी अशा वेळी मास्तरांना आतून बरं वाटायचं, आपण पकडलं म्हणून. आज तेही वाटलं नाही. उरलेलं सगळं त्यांनी सवयीनं उरकलं. दारांच्या फटी सारख्या होत्या, चटईखाली कोरडं होतं, नंबर जुळत होते, कागदांवर कर्ज नव्हतं. पण बॉनेट ते बॉनेट. त्यांनी मुलीकडं बघून नकाराची मान हलवली. तिनं पोटावर हात ठेवला आणि फाटकाबाहेर बघत राहिली.

बाईंनी चहा टाकलाच होता. नको म्हणायच्या आत कप हातात आला. ओसरीवर चौघं बसली. यजमानांनी गाडी कशी वाटली विचारलं, मास्तर ठीक आहे म्हणाले. मग सगळे गप्प झाले. कपबशीचा तेवढा आवाज होत होता. मास्तरांच्या लक्षात आलं की ही गप्प बसायची वेळ नव्हे. इथं कुणीतरी काहीतरी विचारायचं असतं. ते नकळत आपल्या शेजारी वळले, तर तिथं मुलगी खाली मान घालून बसली होती.

"मग," मास्तर म्हणाले, आणि त्यांना स्वतःचाच आवाज परका वाटला, "का विकताय?"

बाईंनी नवऱ्याकडं बघितलं. ज्याला ते बघणं दिसणार नव्हतं, त्याच्याकडं.

"सांग," यजमान म्हणाले. "मला कशाला विचारतेस?"

"ह्यांना दिसत नाही," बाई म्हणाल्या. "काचबिंदू झाला, हळूहळू सगळंच गेलं. पण रोज सकाळी गाडीत बसतात. इंजिन सुरू करतात, ऐकतात, बंद करतात. मला वाटायचं, बसू दे. तेवढंच काय ते उरलंय. तुमचा फोन आला तेव्हा सांगितलं होतं, आज नका सुरू करू, गाडी गार हवी म्हणालेत. तरी बसले."

"शेवटचं ऐकून घेतलं," यजमान म्हणाले.

 मग बाईंनी अंगणाच्या टोकाकडं बोट केलं. "मागं एकदा ह्यांनी गिअर टाकला. गाडी जाऊन फाटकावर आदळली. फाटक लागलेलं होतं म्हणून बरं. बाहेर शाळा नुकतीच सुटलेली."

 यजमानांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

मास्तर उठले. त्यांचा स्वभाव असा, की डोळ्यांत पाणी आणून सांगितलेली गोष्टही ते एकदा ताडून बघायचे. फाटकाची मधली सळई बाहेर वाकून परत सरळ केलेली होती, आणि तिच्यावर बंपरच्या उंचीला राखाडी रंग घासलेला होता. त्यांनी त्या रंगावरून बोट फिरवलं. गाडीत काही खोट नव्हती. कुणी काही झाकलेलं नव्हतं. आता नावं ठेवायला त्यांच्याकडं आरसासुद्धा नव्हता. बायको असती तर हे सगळं तिला चहाच्या पहिल्या घोटात कळलं असतं, असं त्यांच्या मनात आलं, आणि छातीत कुठंतरी दुखलं. बऱ्याच महिन्यांनी काहीतरी दुखलं होतं.

"एक चक्कर मारून बघतो," ते म्हणाले.

यजमान खुर्चीतून उठलेच. मीही येतो म्हणाले. बाईंनी त्यांना हाताला धरून गाडीपर्यंत आणलं, पण पुढची दोन पावलं त्यांची त्यांनी टाकली, आणि दाराची कडी न चाचपडता नेमकी धरली. ते शेजारच्या सीटवर बसले. मास्तर चालकाच्या. मुलीनं फाटक उघडलं.

रस्ता सरळ आणि मोकळा होता. गाडी हलकी चालत होती, चाक कुठं ओढत नव्हतं, क्लच मऊ होता. पहिलं वळण यायच्या कितीतरी आधी मास्तरांचा पाय ब्रेकवर गेला आणि दोघंही पुढं झुकले.

"समोर कुणी आहे का?" यजमानांनी विचारलं.

"नाही."

"मग?"

 मास्तरांनी वळण घेतलं. पुढचा रस्ता आणखी मोकळा होता, शेवटपर्यंत दिसत होता. इंजिन भरून आल्यासारखं घुरघुरायला लागलं. यजमान मान तिरकी करून ऐकत होते. त्यांनी डॅशबोर्डवर बोटांनी हलकेच थोपटलं.

"किती वेळ दुसऱ्यावर चालवणार तिला?" ते म्हणाले. "दम लागलाय. तिसरा टाका, मास्तर."

मास्तरांनी तिसरा टाकला. इंजिनाचा आवाज खाली बसला, गाडी सुटली. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते काही केल्या थांबेना, आणि शेजारच्याला दिसत नाही म्हणून त्यांनी ते पुसायचाही प्रयत्न केला नाही. यजमानांनी मात्र नाक ओढल्याचा आवाज ऐकला.  ते खिडकीकडं तोंड करून बसले.

परत आले तेव्हा मुलगी फाटकातच उभी होती, हातात मास्तरांचा कप घेऊन. गाडी कशी वाटली हे तिनं विचारलं नाही. त्यांच्या तोंडाकडं बघितलं, मग कप त्यांच्यासमोर धरून उलटा केला. त्यातून थेंबही पडला नाही.

मास्तरांनी चहा केव्हा संपवला, त्यांना आठवत नव्हतं. इंजिन बंद करून ते क्षणभर तसेच बसले. तोंडात चव राहिली होती. बाईंनी चहात साखर फार घातली होती.